चौतिसाव्या मिनिटाचा सांधा

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव. ही संख्या मला आजही न अडखळता म्हणता येते. चेन्नईत, अड्यारच्या एका लहानशा व्हिडिओ स्टुडिओत मी सात वर्षे संकलनाचे काम केले. त्या काळात माझा जीव जितक्या वेळा टांगणीला लागला, त्यांतल्या बहुतेक वेळी टांगणीचा खिळा हीच संख्या होती.

लग्नाची किंवा मुंजीची डीव्हीडी बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. ती तयार कशी होते, हे पाहण्याचे कारण पडले नसेल. म्हणून आधी थोडे समजावून सांगते. सवय जुनी आहे. लग्नापूर्वी मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवत होते. यजमानांना चेन्नईजवळच्या मोटारकारखान्यात नोकरी लागली, आम्ही तांबरमला बिऱ्हाड केले, आणि तमिळ न येणाऱ्या गणिताच्या बाईंना तिथली कोणती शाळा घेणार? मी संगणकावरच्या संकलनाचा वर्ग केला आणि या धंद्यात शिरले. स्टुडिओत मला सगळे 'टीचर' म्हणत. सुरुवातीला त्यात चेष्टा होती. पुढे चेष्टा झिजली आणि नाव उरले.

तर, धडा पहिला. कॅमेऱ्यातली टेप संगणकात उतरवली की एका मिनिटाला सुमारे दोनशे सोळा मेगाबाइट जागा लागे. तासाला तेरा गिगाबाइट. दोन हजार चार-पाच साली हे ओझे लहान नव्हते. आमच्याकडे यंत्रे दोन जातींची होती: संकलनाचे एक आणि डीव्हीडी बनवण्याचे दुसरे. एकावरचे काम दुसऱ्यावर न्यायचे तर वहीएवढ्या बाहेरच्या डिस्कवर घालून, उचलून, दुसऱ्या खोलीत न्यायचे. दोन्ही यंत्रांना लिहिता-वाचता येईल अशी डिस्कची मांडणी एकच होती, आणि ती जुनी होती. त्या मांडणीत प्रत्येक फाइलचा आकार नोंदवण्यासाठी ठरावीक चौकटी असत. परीक्षेच्या कागदावर गुणांसाठी दोनच चौकटी छापल्या असतील, तर शंभर गुण मिळवणाऱ्या मुलाचे काय करायचे? इथेही तोच पेच. त्या चौकटींत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे मी आरंभी दिलेली. रोजच्या बोलण्यात आम्ही तिला 'चार जीबी' म्हणत असू. टेपच्या भाषेत सांगायचे तर जेमतेम एकोणीस मिनिटे. त्यापुढे यंत्र थांबे, आणि डिस्कवर जागा शिल्लक नाही, असे धडधडीत खोटे सांगे.

या खोट्यामुळे माझी गिऱ्हाइकांशी किती भांडणे झाली! एन्नोरच्या वीजकेंद्रातले एक इंजिनिअर मुलीच्या लग्नाची पूर्ण तीन तासांची फिल्म एकाच फाइलमध्ये मागत होते. नवी कोरी डिस्क त्यांनी स्वतः आणली होती. मी त्यांच्यासमोर फाइल घातली आणि यंत्राने आपले ठरलेले वाक्य दाखवले.

"जागा नाही?" ते खुर्चीतून उठलेच. "मॅडम, अख्खी डिस्क रिकामी आहे. लग्नाच्या एवढ्या मोठ्या कल्याण मंडपात एक माणूस मावत नाही म्हणता?"

"मंडप मोठाच आहे, सार. दार बुटकं आहे."

"मग माणसाला वाकून आत यायला सांगा."

"हा वाकत नाही. कापावा लागतो."

"अय्यो! माझ्या मुलीच्या लग्नात काप-कूप नको." ते डिस्क घेऊन निघून गेले, आणि आठवड्याने परत आले. तीच डिस्क त्यांच्या मुलाने घरच्या संगणकावर वापरून पाहिली होती आणि त्यालाही तेच उत्तर मिळाले होते. "टीचर," ते म्हणाले, "कापा. पण मंगळसूत्राच्या वेळी नको."

त्यांचे हे एक वाक्य म्हणजे माझ्या धंद्याचा दुसरा धडा. कापायचे किती, हे गणित सांगते. कुठे कापायचे, हे ते सांगत नाही. त्यासाठी मी एक नियम केला होता. प्रत्येक तुकडा अठरा मिनिटांच्या आत ठेवायचा, म्हणजे मिनिटभराची सवड राहते. आणि सांधा अशा जागी घ्यायचा जिथे आवाज सर्वांत कमी आहे. पडद्यावर आवाजाची एक रेघ उमटते, डोंगर-दऱ्यांसारखी. सर्वांत खोल दरी शोधायची आणि तिथे कात्री लावायची. हा नियम मी वहीच्या पानावर लिहून भिंतीवर चिकटवला होता. आमचे मालक मूर्ती सार येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते. त्या अभिमानाचीच ही हकिकत आहे.

सरोजा राव आमच्याकडे आली तेव्हा तिशी ओलांडलेली होती. विमा कार्यालयात नोकरी, आणि पहाटे व संध्याकाळी भरतनाट्यम. घराणे तंजावरच्या मराठ्यांचे. घरात जुनी मराठी बोलली जाई, बाहेर तमिळ. पहिल्या दिवशी मी मराठी आहे असे कळताच ती तमिळ सोडून बोलू लागली, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या मराठीला हसलो. मला तिची मराठी बखरीतली वाटे, तिला माझी वर्तमानपत्रातली.

तिचे गुरू राव वाध्यारही तिच्याच समाजातले, पंचाहत्तरीच्या घरातले. वाध्यार म्हणजे तमिळमध्ये गुरुजी. भरतनाट्यमात गुरू रंगमंचाच्या कडेला बसून लहान, जड टाळांनी ताल धरतात आणि तोंडाने बोल म्हणतात. नाचणारी त्या टाळांच्या आधाराने चालते. वाध्यारांकडे तंजावरच्या राजदरबारातली एक मराठी रचना होती: एकच कथा, एकच राग, एकच ताल, आणि पन्नास मिनिटे मध्ये कुठेही न थांबता. ती येणारी त्यांची एकच शिष्या उरली होती, सरोजा.

परदेशातल्या एका नृत्यसंस्थेने दोन वर्षांसाठी शिकवायला येण्याची जागा जाहीर केली होती. अर्जासोबत एका अखंड रचनेचे चित्रीकरण हवे होते. अट स्पष्ट होती: एक कॅमेरा, कुठेही काट-छाट नाही. सरोजाने ती रचना एका सभागृहात सादर केली, आमच्या कॅमेऱ्याने टिपली. त्या सादरीकरणात एक अपघात झाला. उत्तरार्धात तिच्या उजव्या पायातल्या घुंगरांची दोरी तुटली आणि घुंगरू रंगमंचभर पसरले. क्षणभर मृदंगही थांबला. पण ती नाचत राहिली, आणि शेवटी टाळ्या जोरात पडल्या. वाध्यारांच्या हाताला अलीकडे कंप होता, पुन्हा पन्नास मिनिटे टाळ धरवतील याची खात्री नव्हती. म्हणून तेच चित्रीकरण पाठवायचे ठरले.

काम माझ्याकडे आले. पन्नास मिनिटे, म्हणजे तीन तुकडे, दोन सांधे. मी नियमाप्रमाणे रेघ पाहिली, दोन दऱ्या शोधल्या, एक सोळाव्या मिनिटाला आणि एक चौतिसाव्या. कापले, डिस्कवर घातले, दुसऱ्या खोलीत नेले, डीव्हीडीवर ओळीने बसवले. संगणकावर सांधे तपासले. दोन्ही ठिकाणी चित्र सुरळीत सरकले. डीव्हीडी संस्थेच्या दिल्लीच्या कार्यालयात गेली.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास, सरोजा स्टुडिओत आली. कार्यालयात रजा टाकून आली होती. हातात एक छापलेले पत्र होते. तिने ते माझ्या टेबलावर ठेवले आणि स्वतः उभीच राहिली.

पत्राचा आशय असा: चौतिसाव्या मिनिटाला, नेमके अपघाताच्या जागी, चित्र आणि आवाज दोन्ही तुटतात. दोष झाकण्यासाठी तिथे छाटणी केली असावी, असे संस्थेच्या निवड समितीचे मत झाले आहे. शुक्रवार संध्याकाळपर्यंत अखंड प्रत मिळाली नाही, तर अर्ज अटीभंगामुळे बाद होईल आणि तशी नोंद राहील.

"अक्का, हे बाद होतं म्हटलं तर होऊं दे," ती म्हणाली. "पण 'दोष झाकला' म्हणतात ते. वाध्यारांचं नांव आहे त्यावर. त्यांना मी काय सांगूं?"

मी ती डीव्हीडी प्रथमच टीव्हीला जोडलेल्या साध्या प्लेअरवर लावली. संगणकाने जे सुरळीत दाखवले होते, तिथे प्लेअर एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारताना अडखळत होता. सोळाव्या मिनिटाला ती मुद्रा धरून स्थिर उभी होती, तिथे काही कळले नाही. चौतिसाव्या मिनिटाला घुंगरू उधळले आणि चित्र जागच्या जागी गोठले. जवळजवळ एक सेकंद. मग पुढे चालू. कोणीही म्हटले असते की इथे काही लपवले आहे.

"घरीं पाहिलं तेव्हां थांबलं होतं," सरोजा म्हणाली. "मला वाटलं, धूळ असेल."

मी काय केले होते, ते माझ्या आता लक्षात आले. आवाजाची सर्वांत खोल दरी म्हणजे मृदंग थांबला तो क्षण. मी रेघ पाहिली होती. रेघेखाली काय चालले आहे, ते ऐकले नव्हते. मंगळसूत्राच्या वेळी कापू नका, असे सांगायला इथे कोणी इंजिनिअर नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी होती. डीव्हीडीसाठी चित्र दाबून लहान करतात. पन्नास मिनिटे दाबली की सव्वादोन जीबी होतात. म्हणजे दाबण्याचे काम संकलनाच्या यंत्रावरच केले असते आणि मग फाइल नेली असती, तर ती दारातून ताठ मानेने गेली असती. कापण्याची गरजच नव्हती. मी आधी कापले, मग नेले, मग दाबले. सहावीच्या मुलांना मी 'कंचेभागुबेव' घोकून घेत असे: कंस आधी, मग चे, मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. क्रम चुकला की उत्तर चुकते. आणि इथे दोन वर्षे मी स्वतः क्रम चुकवत होते, कारण स्टुडिओत तशी रीत होती. संकलनाचे यंत्र चांगले, म्हणून त्यावर फक्त संकलन. दाबण्याचे हमाली काम दुसऱ्यावर. मी रीत पाळली आणि ती कशासाठी आहे, हे विचारले नाही.

मी मूर्ती सारांच्या खोलीत गेले. "सार, संकलनाचं यंत्र आज संध्याकाळपर्यंत मला लागेल."

"एन्न, टीचर! बारा वाजता जाहिरातवाले येतायत."

"त्यांना उद्या बोलवा."

"कशाला?"

मी सांगितले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, मग म्हणाले, "नियम भिंतीवर कुणी लावला होता?"

"मी."

"तो आधी काढून टाका. मग यंत्र घ्या."

मी कागद काढला आणि त्यांच्यासमोरच फाडला. जाहिरातवाल्यांना त्यांनी फोन केला. ते काय बोलले, ते मला ऐकू आले नाही, पण दाराबाहेर येईपर्यंत त्यांचा आवाज तीनदा चढला.

आता वेळेचे गणित. टेप पुन्हा उतरवायला पन्नास मिनिटे. दाबायला यंत्राला साडेचार तास. डीव्हीडी बनवायला वीस मिनिटे. प्लेअरवर पूर्ण पाहायला आणखी पन्नास, आणि यावेळी ती गाळायची नव्हती. कुरिअरचे दुकान अड्यारमध्येच, पाच मिनिटांवर, पण सहाला बंद. साडेदहाला मी टेप सुरू केली. सगळे सुरळीत झाले तर पाऊणएक तास हाताशी राहत होता.

टेप उतरवताना चित्र पडद्यावर चालू असते. सरोजा माझ्या शेजारी बसून पाहत होती. स्वतःचे हात, पाय, मुद्रा. अधूनमधून स्वतःवरच नाराजीने जीभ चुकचुकवी. चौतिसाव्या मिनिटाला घुंगरू उधळले. यावेळी काहीच गोठले नाही. आणि तिने माझे मनगट धरले.

"अक्का, थांबीव. मागं ने."

"आता नाही. टेप थांबवली तर इथेच पुन्हा सांधा पडेल."

"एकच वेळ!"

"सरोजा, सोळा मिनिटं थांब."

ती सोळा मिनिटे थांबली. आयुष्यात मी अनेक वर्गांवर परीक्षेच्या वेळी देखरेख केली आहे, पण वेळ इतक्या हळू सरकताना मी पाहिला नाही. ती उठे, दारापर्यंत जाई, परत येई, पडद्याकडे न पाहता बसे, बोटे मोजी, पुन्हा उठे. मला तिला विचारायचे होते आणि धीर होत नव्हता. टेप संपली. मी उतरवलेली फाइल चौतिसाव्या मिनिटावर आणली.

"डोळे मीट," ती म्हणाली. "ऐक फक्त. टाळ ऐक."

मी डोळे मिटले. टाळ, टाळ, टाळ, टाळ. मग दोन ठिकाणी नुसती पोकळी. मग तिचा पाय जोरात आपटल्याचा आवाज, त्यानंतर दोरी तुटून घुंगरू सांडल्याचा, त्यानंतर मृदंग थांबल्याची शांतता. मग उरलेल्या एका पायाच्या घुंगरांवर ताल चालू. आणि चार मात्रांनी टाळ त्यात परत आले.

"आधीं टाळ सुटला," ती अगदी हळू म्हणाली. "मी ताल धरायला पाय आपटलीं, म्हणून दोरी तुटली. अक्का, इतके दिवस मी समजलीं कीं माझं चुकलं. वाध्यारही तसंच समजतात. रोज सकाळी मला म्हणतात, घुंगरू बांधायला तुला या वयांत शिकवूं काय."

तिने पडद्याकडे पाठ केली. मग ती म्हणाली, "पाठवूं नको."

"काय?"

"त्या समितींत टाळ धरणारे नट्टुवनारच बसलेत. दोन मिनिटांत ओळखतील. सगळे म्हणतील, राव वाध्यारांचा टाळ गेला. दोष झाकला म्हणून माझं नांव जाऊं दे. तें परवडेल."

मी घड्याळ पाहिले. साडेअकरा होत आले होते. मी दाबण्याचे काम सुरू करून टाकले. तिने माझ्याकडे रागाने पाहिले.

"तयार झालेली डिस्क न पाठवता येते," मी म्हणाले. "न झालेली पाठवता येत नाही. तोवर वाध्यारांना विचार. चूक त्यांची आहे, तर निवडही त्यांची आहे."

"तुम्ही टीचर लोक," ती म्हणाली, पण फोन उचलला.

वाध्यार साडेबाराला रिक्षातून आले. पांढरी वेष्टी नेसलेली, कपाळावर नाम, हातात छत्री. मूर्ती सार स्वतः उठून उभे राहिले आणि त्यांना आपली खुर्ची दिली. संकलनाचे यंत्र दाबण्यात गुंतले होते, म्हणून मी टेप दुसऱ्या डेकमध्ये घालून टीव्हीवर लावली. सरोजा त्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. तिने त्यांना काहीच सांगितले नव्हते. फक्त 'या' म्हटले होते.

त्यांनी एकदा पाहिले. मान तिरपी केली. "परत," म्हणाले. दुसऱ्यांदा ते टीव्हीकडे पाहत नव्हते. डाव्या हाताची बोटे मांडीवर मोजत होते. पोकळीपाशी बोट हवेत राहिले. खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी होती. पडद्यावर हिरवी पट्टी पुढे सरकत होती आणि तिच्याखाली 'शिल्लक वेळ' कधी तीन तास, कधी चार तास, असा मनाला येईल तसा बदलत होता.

"सरोजा," वाध्यार मागे न वळता म्हणाले, "पुढं ये."

ती पुढे आली.

"तुला कधी कळलं?"

"आज सकाळीं."

"आणि मी तीन आठवडे तुला घुंगरू बांधायला शिकवूं लागलों!" ते हसले. "तूं कां बोलली नाहीस, दोरी घट्ट होती म्हणून?"

"गुरूंना कसं सांगूं?"

"तोंडानं. नाहीं तर कशानं?" मग माझ्याकडे वळून, "अम्मा, ही डिस्क कधी होईल?"

"साडेचारपर्यंत. सरोजा नको म्हणतेय."

"कां?"

सरोजाने सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले, जसे वर्गात मुलाचे चुकीचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतात. मग म्हणाले, "पन्नास वर्षं मी पोरींच्या चुका मोजलों. एक वेळ माझी मोजली तर आकाश पडतं काय? पण खोटा म्हटला तर पडतं. पाठीव."

"वाध्यारे, लोक म्हणतील..."

"लोक मेलेल्या माणसालाही म्हणतात. सेरि, अम्मा, कागद आण. इंग्रजी तुझी बरी असेल."

त्यांनी तंजावरी मराठीत सांगितले, मी इंग्रजीत लिहिले. मजकूर तीनच ओळींचा होता: चौतिसाव्या मिनिटाला टाळाचे दोन ठोके मी चुकलो. नर्तकीने ताल सोडला नाही. याआधीच्या प्रतीतला खंड स्टुडिओच्या यंत्रामुळे पडला होता. तिसऱ्या ओळीला मी अडखळले आणि म्हणाले, "यंत्रामुळे नाही. माझ्यामुळे." त्यांनी तसे लिहू दिले. मी माझेही नाव खाली लिहिले. सही करताना त्यांचा हात इतका कापत होता की सरोजा कागद धरायला वाकली. त्यांनी तिला बोटाने मागे सारले आणि स्वतःच धरला.

पुढचे तास कसे गेले, हे मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवते. मूर्ती सारांनी सर्वांसाठी दहीभात मागवला, आणि माझा तसाच राहिला. दोन वाजता वीज दोन क्षण लुकलुकली. बॅटरीने यंत्र धरून ठेवले, पण आम्ही चौघे एकदमच उभे राहिलो होतो. तीनला हिरवी पट्टी एकाच ठिकाणी इतका वेळ थांबली की मी तिच्या टोकाशी पडद्यावर पेन्सिलीने खूण केली, सरकते की नाही, हे पाहायला. सरकत होती. चार वाजून दहा मिनिटांनी फाइल तयार झाली: एकच, सव्वादोन जीबीची. ती डिस्कवर घालून दुसऱ्या खोलीत नेताना, पंधरा पावलांचे अंतर, मी दोन्ही हातांनी धरली होती.

प्लेअरवर आम्ही पूर्ण पन्नास मिनिटे पाहिली. साडेपाचला मी आणि सरोजा कुरिअरकडे गेलो. पाऊण किलोमीटर, ती पुढे, मी मागे. दुकानदाराने पाकीट तराजूवर टाकले, पावती दिली, आणि सरोजा बाहेरच्या पायरीवर बसून राहिली.

समितीचे उत्तर आठवड्याने आले. खुलासा मान्य; अर्ज ग्राह्य. महिन्याने दुसरे पत्र आले, की जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. कारण लिहिलेले नव्हते. ते टाळाचे दोन ठोके होते का, हे मला आजतागायत कळलेले नाही. कळावे असे फार वाटे. आता तितके वाटत नाही.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. यावेळी दुसऱ्या एका गुरूंनी टाळ धरले, वाध्यार पहिल्या रांगेत बसले. घुंगरू तुटले नाहीत, एक ठोका सुटला नाही. फाइल अखंड, पहिल्याच खेपेला, कुठेही न कापता. ती निवडली गेली आणि दोन वर्षांसाठी परदेशी गेली. सरळ सांगायचे तर दुसरे चित्रीकरण पहिल्याइतके चांगले नाही. संकलकाने असे म्हणू नये, पण मी दोन्ही पुष्कळदा पाहिली आहेत.

सरोजा गेल्यानंतर काही दिवसांनी वाध्यार छत्री टेकत स्टुडिओत आले आणि दोन्ही डिस्क मागितल्या.

"पहिली कशाला, वाध्यारे?" मी विचारले. "दुसरीत चूक नाही."

"दुसरींत पोर बरोबर नाचते," ते म्हणाले. "पहिलींत ती मला ओढून आणली."

मी दोन्ही प्रती काढल्या. डीव्हीडीवर हव्या त्या जागी खूण घालता येते, बटण दाबले की चित्र थेट तिथे पोचते. पहिल्या प्रतीवर चौतिसाव्या मिनिटाला तशी खूण घालून देऊ का, असे मी विचारले.

"नको," ते म्हणाले. "मी पहिल्यापासून पाहीन."